फोनवरचा आवाज

टेक्सासच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रान्दे नदीच्या काठाने ब्राउन्सविल, मॅकॅलन, एडिनबर्ग अशी गावे पसरली आहेत. या पट्ट्याला तिथले लोक नुसते 'व्हॅली' म्हणतात. नदीपलीकडे मेक्सिको. व्हॅलीतली दहातली नऊ माणसे हिस्पॅनिक आहेत आणि त्यांतल्या काही घराण्यांची मुळे टेक्सास अमेरिकेत सामील होण्याच्याही आधीची आहेत. एडिनबर्गच्या पॅन अमेरिकन विद्यापीठात १९६० च्या दशकात ग्लोरिया अँझाल्दुआ शिकत होती. पुढे १९८७ साली 'बॉर्डरलँड्स / ला फ्रोंतेरा' हे पुस्तक लिहून ती चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या, साहित्यातले मोठे नाव झाली. त्या पुस्तकात तिने लिहून ठेवले आहे की विद्यापीठात तिला आणि झाडून सगळ्या चिकानो विद्यार्थ्यांना बोलण्याचे दोन वर्ग सक्तीचे होते. कशासाठी, तर त्यांचा ॲक्सेंट घालवण्यासाठी. त्याआधी शाळेत, मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडली म्हणून तिने बोटांच्या पेरांवर पट्टीचे फटके खाल्ले होते. आणि मुलीने इंग्रजी 'स्वच्छ' बोलावे, नाहीतर शिकून काय उपयोग, असे तिच्या आईलाही वाटत होते.

आज त्याच जागी टेक्सास विद्यापीठाची रिओ ग्रान्दे व्हॅली शाखा उभी आहे. तिथे द्विभाषिक शिक्षणाला स्थान आहे, अँझाल्दुआ अभ्यासाला आहे. सक्तीचे वर्ग केव्हाच बंद झाले. पण त्या वर्गातला धडा काही बंद झालेला नाही. आता तो मुलाखतीच्या तयारीत, साहेबाच्या आडून दिलेल्या सल्ल्यात आणि सर्वांत जास्त म्हणजे फोनवर गिरवला जातो, आणि तरुण मुले तो स्वतःच स्वतःला देतात.

सॅन अँटोनिओत आमच्या शेजारी राहणारी मुलगी व्हॅलीतली. वय पंचविशीच्या आसपास. एका मोठ्या दवाखान्याच्या कार्यालयात रुग्णांच्या विम्याचे काम बघते आणि आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करते. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी ते ऐकले आहे. हेडफोन कानाला लावला की ती खुर्चीत ताठ होते. आवाजाची पट्टी किंचित चढते. वाक्याच्या शेवटी एरवी जो लांबलेला, वर जाणारा हेल असतो, तो कापला जातो. 'गोइंग'चा शेवट घरी बोलताना 'ईन'कडे झुकतो, तो फोनवर पुन्हा पाठ्यपुस्तकातला होतो. 'आत्ताच आले' या अर्थी व्हॅलीत सगळे 'आय बेअर्ली गॉट हिअर' म्हणतात. तो 'बेअर्ली' कामाच्या फोनवर चुकूनही येत नाही. पाच मिनिटांनी एखाद्या आजोबांचा फोन येतो. त्यांना इंग्रजी येत नाही. मग स्पॅनिश सुरू होते, तेही आदराचे, सावकाश, कागदी शब्द जपून वापरलेले. फोन ठेवला की आईला हाक मारते ती तिसऱ्याच भाषेत, अर्धी इंग्रजी, अर्धी स्पॅनिश, वाक्याच्या मध्येच रूळ बदलणारी.

"खोटं वागतेय असं नाही वाटत, मिस," ती म्हणाली. दक्षिण टेक्सासात वयाने मोठ्या बाईला मुले 'मिस' म्हणतात, ती शिक्षिका असो वा शेजारीण. "पण संध्याकाळी दमायला होतं. आणि आजोबांशी स्पॅनिश बोलायचे कोणी वेगळे पैसे देत नाही. कार्यालयात कुणालाही स्पॅनिश लागलं की मलाच हाक."

हे दमणे मला महत्त्वाचे वाटते. कामाच्या जागी जरा नीटनेटके बोलायचे, एवढे सगळेच करतात. ओहायोतला गोरा मुलगाही मुलाखतीत मित्रांशी बोलतो तसा बोलत नाही. पण त्याला दोन शब्द बदलावे लागतात. या मुलीला स्वर, लय, हेल, म्हणजे तिचे जन्मापासूनचे बोलणेच बाजूला ठेवावे लागते, दिवसाचे आठ तास. शिवाय ती काही दुसऱ्या देशातून आलेली नाही. तिचा जन्म टेक्सासातला, शाळा टेक्सासातली, आणि इंग्रजी तिला कळायला लागल्यापासून येते.

इथेच बहुतेकांची गफलत होते. हिस्पॅनिक माणसाचा ॲक्सेंट म्हणजे इंग्रजी नीट न शिकल्याची खूण, असे धरून चालले जाते. पण कार्मेन फॉट या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी लॉस एंजेलिसमधल्या तरुणांच्या बोलण्याचा अभ्यास करून २००३ साली जे पुस्तक लिहिले, त्यात हा समज पार मोडीत निघतो. 'चिकानो इंग्लिश' बोलणाऱ्या कित्येक मुलांना स्पॅनिश येतच नव्हते. जी भाषा येत नाही, तिचे ओझे जिभेवर कुठून येणार? ती मुले बोलत होती ती त्यांच्या वस्तीची, त्यांच्या शाळेच्या मैदानाची इंग्रजी. तिच्या मुळाशी आजी-आजोबांची स्पॅनिश होती हे खरे. पण आता ती इंग्रजीची एक बोली आहे आणि तिला स्वतःचे नियम आहेत. सर्वसाधारण अमेरिकन इंग्रजीत आघात नसलेले स्वर पुसट होतात. इथे ते बऱ्याचदा भरीव राहतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा वेळ मिळतो. मराठी कानाला ही लय लगेच ओळखीची वाटते, कारण आपणही इंग्रजी तशीच बोलतो.

मायामीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे १९५९ च्या क्यूबन क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांनी शहराचा चेहराच बदलला. फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातले फिलिप कार्टर गेली अनेक वर्षे तिथल्या इंग्रजीचा मागोवा घेत आहेत. मायामीत जन्मलेली, इंग्रजीतच वाढलेली मुले गाडीतून 'बाहेर पडत' नाहीत, 'खाली उतरतात', म्हणजे 'गेट डाउन फ्रॉम द कार'. ही वाक्यरचना स्पॅनिशची आहे, पण ती आता स्पॅनिश न येणाऱ्यांच्याही तोंडी आहे. भाषा अशाच घडतात, इंग्रजी स्वतःही फ्रेंचच्या सहवासात अशीच घडली.

मग या बोलींना नोकरीच्या बाजारात किंमत का नाही? त्याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते, पश्चिम टेक्सासातल्या मार्फा या वाळवंटी गावात. तिथे ब्लॅकवेल नावाची शाळा होती, १९०९ पासून १९६५ पर्यंत, फक्त मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी. १९५४ साली तिथल्या शिक्षकांनी एक समारंभ केला. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला सांगितले, त्या चिठ्ठ्या छोट्या शवपेटीत घातल्या आणि शाळेच्या झेंड्याच्या खांबाजवळ खड्डा खणून 'मिस्टर स्पॅनिश'चे दफन केले. मुलांच्याच हातून. त्या शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल छडी बसायचीच, पण हा समारंभ मला छडीपेक्षा भयंकर वाटतो. छडीचा वळ जातो, पण आपल्याच हाताने आपली भाषा पुरल्याची आठवण आयुष्यभर राहते. त्या शाळेचे माजी विद्यार्थी पुढे एकत्र आले, इमारत पाडू द्यायची नाही म्हणून झटले. २०२२ साली ती वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा झाला.

अशा शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीने आईबाप झाल्यावर काय केले असेल? पुष्कळांनी मुलांशी स्पॅनिश बोलणेच टाकले. आपल्याला जे भोगावे लागले ते मुलांच्या वाट्याला नको. त्यामागे माया होती, आणि त्या मायेची किंमत आज नातवंडे मोजत आहेत. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २४ टक्के लॅटिनो, म्हणजे हिस्पॅनिक, प्रौढांनी सांगितले की आपल्याला स्पॅनिशमध्ये संभाषण जेमतेम जमते किंवा अजिबात जमत नाही. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के लोकांना दुसऱ्या लॅटिनो माणसानेच यावरून हिणवले होते. 'नो साबो किड' हे त्यांचे टोपणनाव, 'मला माहीत नाही' हेही चुकीच्या स्पॅनिशमध्ये म्हणणारे पोर. सॅन अँटोनिओचे माजी महापौर हुलियान कास्त्रो २०२० च्या अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले, तेव्हा त्यांनाही स्पॅनिश सफाईने का येत नाही, असे विचारले गेले. त्यांची आई रोझी कास्त्रो चिकानो चळवळीतली जुनी कार्यकर्ती. ज्या राज्यात स्पॅनिश बोलल्याबद्दल मुलांना मार बसला, त्याच राज्यातल्या नातवंडांना स्पॅनिश येत नाही म्हणून खाली मान घालावी लागते. त्याच पाहणीत ७८ टक्के लॅटिनोंनी सांगितले की लॅटिनो असायला स्पॅनिश यावेच लागते असे नाही. डोक्याने हे पटते. लग्नघरात, आजीच्या पुढ्यात, ते निभावत नाही.

म्हणजे कार्यालयात इंग्रजी 'जास्तच हिस्पॅनिक' आणि घरी स्पॅनिश 'जास्तच अमेरिकन'. मी ज्या ज्या तरुणांशी बोलले, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हीच कोंडी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली.

पण हा ॲक्सेंट नेमका असतो कुठे, बोलणाऱ्याच्या तोंडात की ऐकणाऱ्याच्या कानात? जॉन बॉ हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डजवळ घर शोधत होते. फोनवर ते 'गोऱ्या' वळणाचे इंग्रजी बोलत. घर आहे, या बघायला, असे सांगितले जाई. समोर गेले की घर नुकतेच गेलेले असे. मग त्यांनी उलट प्रयोग केला. लहानपणापासून कानावर पडलेल्या तीन ढबी त्यांना येत होत्या, कृष्णवर्णीयांची, चिकानो आणि प्रमाण. त्याच घरमालकांना त्यांनी तिन्ही आवाजांत फोन केले. माणूस तोच, विचारणाही तीच. गोऱ्या वस्तीच्या भागांत पहिल्या दोन आवाजांना घर बघायला येण्याचे निमंत्रण फार कमी वेळा मिळाले. १९९९ साली बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यात आणखी एक निष्कर्ष होता. नुसते 'हॅलो' ऐकून श्रोत्यांनी दहातल्या सातहून अधिक वेळा ढब बरोबर ओळखली. म्हणजे तुमचे शिक्षण, अनुभव, प्रामाणिकपणा यांतले काहीही तोंडातून बाहेर पडायच्या आत दार लागलेले असते.

डोनाल्ड रुबिन यांचा १९९२ चा प्रयोग तर याहून बोलका. त्यांनी विद्यार्थ्यांना एक ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. आवाज ओहायोत वाढलेल्या अमेरिकन बाईचा. काहींसमोर गोऱ्या बाईचे छायाचित्र ठेवले, काहींसमोर आशियाई वंशाच्या बाईचे. दुसऱ्या गटाला त्याच आवाजात परका ॲक्सेंट 'ऐकू' आला. जोनाथन रोझा आणि नेल्सन फ्लोरेस हे दोन अभ्यासक २०१५ पासून हाच मुद्दा पुढे नेत आहेत. लॅटिनो मुले कितीही घासूनपुसून बोलली तरी ऐकणारा आधी त्यांच्याकडे बघतो आणि मग ऐकतो. त्यामुळे शिक्षण बोलणाऱ्याला द्यायचे की ऐकणाऱ्याला, हा प्रश्न त्यांनी विचारला. माझे मत त्यांच्या बाजूने आहे, आणि त्याला नुसत्या तत्त्वाचा आधार नाही. ॲरिझोनात क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ साली दाखवून दिले की स्पॅनिश वळणाचे इंग्रजी ऐकताना श्रोता सुरुवातीला अडखळतो, पण एका मिनिटाच्या आत त्याचा कान बऱ्याच अंशी सरावतो. एका मिनिटात! अन् त्या मिनिटाचा कंटाळा करून आपण माणसांच्या नोकऱ्या घालवतो.

कायदा काय म्हणतो? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने मूळ देशावरून भेदभाव करायला बंदी घातली. ॲक्सेंट त्यातच मोडतो. मालकाला ॲक्सेंटचे कारण पुढे करायचे असेल, तर त्यामुळे कामातच खरोखर अडथळा येतो हे दाखवावे लागते. कागदावर भक्कम आहे. पण खटले वाचायला घेतले की मन खचते. ब्राउन्सविलमधल्या लाकडाच्या वखारीत हेक्टर गार्सिया विक्रेता होता. दोन्ही भाषा येतात हे त्याला नोकरी मिळण्याचे एक कारण होते, गिऱ्हाइकांना स्पॅनिश लागत होते. पण गिऱ्हाइकाला गरज नसेल तर कामाच्या वेळात इंग्रजीच बोलायचे, असा वखारीचा नियम होता. १९७५ साली एका सहकाऱ्याने एखादी वस्तू आहे का विचारले, गार्सियाने स्पॅनिशमध्ये 'नाही' म्हणून सांगितले, ते मालकांपैकी एकाच्या कानावर पडले आणि नोकरी गेली. १९८० साली पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. दोन्ही भाषा येणाऱ्याला कोणती बोलायची हे निवडता येते, सबब भेदभाव नाही, असा त्याचा आशय.

हवाईतला मॅन्युएल फ्रागान्ते फिलिपिनो. होनोलुलूच्या वाहन परवाना कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी ७२१ उमेदवारांत लेखी परीक्षेत तो पहिला आला. छोट्याशा मुलाखतीनंतर त्याच्या ॲक्सेंटचे कारण सांगून त्याला नाकारले. १९८९ मध्ये नवव्या विभागीय न्यायालयात तो हरला. तो हिस्पॅनिक नव्हता, पण ॲक्सेंटचा विषय निघाला की आजही या खटल्याचा हवाला दिला जातो. 'व्यावसायिक बोलणे' हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत आहे की त्यात कोणाचाही पूर्वग्रह सहज मावतो.

ही उतरंड फक्त इंग्रजीची नाही, हेही सांगायला हवे. स्पॅनिशमध्येही ती आहे आणि ती राबवणारे स्पॅनिश बोलणारेच लोक आहेत. कार्टर आणि साल्वातोरे कालेसानो यांनी मायामीत स्पेन, कोलंबिया आणि क्यूबा इथल्या स्पॅनिशचे नमुने लोकांना ऐकवले, तेव्हा स्पेनच्या आवाजाला श्रीमंती आणि मोठ्या हुद्द्याचे माप मिळाले, क्यूबनला हलके. तेही क्यूबनांच्या शहरात. टेलेमुंदो वाहिनी आपल्या मालिकांतल्या नटांना प्रादेशिक हेल झाकून मेक्सिकन वळणाची 'तटस्थ' स्पॅनिश शिकवत असे. कॅरिबियन बेटांवरची स्पॅनिश, म्हणजे शब्दाअखेरचा 'स' गिळणारी, 'र'चा 'ल' करणारी, ही तर विनोदासाठीच राखीव होती.

म्हणूनच प्वेर्तो रिकोचा गायक बॅड बनी हे प्रकरण मला नुसते संगीताचे वाटत नाही. तो 'स' गिळतोच, 'र'चा 'ल' करतोच, आणि इंग्रजीत गात नाही. त्याचा २०२२ चा अल्बम ग्रॅमीच्या सर्वोत्तम अल्बमच्या यादीत आलेला पहिला संपूर्ण स्पॅनिश अल्बम ठरला. २०२३ च्या त्या सोहळ्यात तो गायला तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खाली ओळ उमटली, 'इंग्रजीखेरीज अन्य भाषेत गात आहे'. अमेरिकेत कोट्यवधी लोक घरात जी भाषा बोलतात, तिचे नावसुद्धा लिहिले गेले नाही. पण शेजारच्या मुलीचा भाऊ, हायस्कूल संपवलेला, त्या हेलाची नक्कल करतो. त्याच्या आजोबांच्या पिढीत असा हेल कोणी मुद्दाम उचलला नसता.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत कॉल सेंटरे उभी राहिली तेव्हा 'एमटीआय' हा शब्द जळगावच्या आणि अकोल्याच्या मुलांनी पहिल्या आठवड्यातच ऐकला. मातृभाषेची छाप, म्हणजे दोष, आणि तो घालवायचा. त्या मुलांचे अर्धे आयुष्य 'गावाकडचं मराठी' पुण्यात झाकण्यात गेलेले, आता इंग्रजीतले मराठी झाकायचे. हा धागा नुसता सारखेपणाचा नाही. स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या सानास या कंपनीने बोलणाऱ्याचा ॲक्सेंट त्याच क्षणी संगणकाने बदलून पलीकडे पोचवण्याचे तंत्र आणले. त्याची प्रेरणा म्हणून संस्थापक आपल्या निकाराग्वातल्या मित्राची गोष्ट सांगतात. तो शिक्षण सोडून घरी परतला, कॉल सेंटरमध्ये लागला आणि ॲक्सेंटवरून त्याचा छळ झाला. मित्राच्या दुःखातून निघालेले हे यंत्र आज भारत आणि फिलिपिन्समधल्या कॉल सेंटरांत वापरले जाते. शिव्या कमी बसतात, हा दिलासा खरा आहे आणि तो मी हलका लेखणार नाही. रात्रपाळीत शिव्या खाणाऱ्याला तत्त्व सांगून भागत नाही. पण त्या तंत्राने शिव्या देणाऱ्याचा कान जिथल्या तिथेच राहतो.

२०२५ साली या सगळ्याला वेगळेच गांभीर्य आले. १ मार्चला अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा जाहीर झाली. उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरितांची धरपकड सुरू झाली. नुसता वंश, स्पॅनिश बोलणे किंवा ॲक्सेंटचे इंग्रजी, उभे असण्याची जागा आणि कामाचा प्रकार, एवढ्यावर कोणालाही थांबवू नका, असा मनाई हुकूम तिथल्या न्यायाधीशांनी जुलैत दिला. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या हुकमाला स्थगिती दिली. न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी भिन्नमताचे निकालपत्र लिहिले. ब्रॉन्क्समध्ये प्वेर्तो रिकन आईबापांच्या पोटी जन्मलेल्या याच बाईंची २००९ मध्ये नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर जोर का द्यायचा, अशी एका भाष्यकाराची तक्रार होती. आडनावाच्या उच्चारापासून रस्त्यावरच्या अडवणुकीपर्यंतची वाट सोळा वर्षांची.

त्या निकालाच्या आठवड्यात शेजारच्या मुलीने भावाला मुलाखतीसाठी तयार करायला घेतले. विमानतळावरच्या मालवाहतूक कंपनीतली जागा होती. मी चहा घेत बसले होते. "हळू बोल," ती म्हणाली, "वाक्य पुरं कर. त्यांच्याकडे बघ." त्याने सुरुवात केली आणि आपले नाव इंग्रजी वळणाने, 'र' गुळगुळीत करून सांगितले. तिने हात वर केला.

"नाव नाही बदलायचं."

"तू फोनवर बदलतेस."

ती जरा थांबली. "मी दिवसाला साठ फोन घेते. तुला एकदाच सांगायचंय. त्यांना नाही कळलं तर परत सांग."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी 'र' पुरता वाजवून. पुढचा प्रश्न तिने विचारला तो पगाराचा होता. स्पॅनिश येते हे सांगायचेच, आणि त्याचे वेगळे किती देणार ते विचारायचे, हे तिने त्याच्याकडून चारदा घोटून घेतले.